काटा बदलला की वजन बदलतं: कोल्हापुरातल्या एमएस फॉलो-अप एमआरआयचं परीक्षण

उसाची गाडी भरली की चार शेतकरी आधी बाहेरच्या काट्यावर वजन करून घेतात आणि मग कारखान्याच्या काट्यावर जातात. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत तर भांडण उसावरून होत नाही, काट्यावरून होतं. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे एमएसच्या पेशंटचा दर वर्षीचा मेंदूचा एमआरआय हा असाच व्यवहार आहे. गेल्या वर्षी डाग सात होते, यंदा नऊ दिसतात. दोन डाग खरोखर वाढले, की काटा बदलला? चालू औषध सोडून जास्त कडक औषध घ्यायचं की नाही, हे बरंचसं या उत्तरावर ठरतं.

परीक्षण शहरात मिळणाऱ्या या एकाच सेवेचं आहे: निदान झालेल्या पेशंटचा फॉलो-अप स्कॅन. कुठल्या सेंटरचं नाव घेतलेलं नाही. एकाच सेंटरमध्ये सकाळच्या आणि रात्रीच्या पाळीत काम बदलतं, त्यामुळे नावावर जाण्यापेक्षा काय मागून घ्यायचं हे माहीत असलेलं बरं. आमचे गुण असे: मशीनला पाचपैकी साडेचार, स्कॅन काढण्याच्या पद्धतीला तीन, रिपोर्टला दोन, सीडीला दीड. थोडक्यात मशीन जगात भारी, आणि पुढे उतरण.

मशीनपासून सुरुवात करू, कारण जाहिरातीत तेच मोठ्या अक्षरात असतं. एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण शरीराचीच प्रतिकारशक्ती कुरतडते. कुरतडलेल्या जागी पाण्याचा अंश वाढतो आणि एमआरआयच्या टी-टू व फ्लेअर या प्रकारच्या चित्रांत ती जागा पांढरी उमटते. हे दाखवायला दीड टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) चांगलं मशीन पुरतं. तीन टेस्लावर चित्र अधिक स्वच्छ येतं आणि बारीक डाग जास्त दिसतात. घोळ तिथेच होतो. गेल्या वर्षी दीडवर आणि यंदा तीनवर स्कॅन झाला, तर जुनेच पण आधी न दिसलेले डाग यंदा ‘नवे’ म्हणून मोजले जातात, आणि औषध चालत असूनही ते फेल गेलं असं कागदावर दिसतं. तेव्हा पहिल्यापासून तीनवर असाल तर उत्तम. दीडवर असाल तर मध्येच ‘आता जरा भारीतला करू’ म्हणून उडी मारू नका. मारायचीच असेल तर न्यूरॉलॉजिस्टला सांगून मारा, म्हणजे तो स्कॅन नवी सुरुवात धरला जाईल आणि तुलना त्यापुढे होईल.

‘सीटी स्वस्त आहे, तो चालेल का’ हा प्रश्न अजून येतो. चालत नाही. सीटीत जवळपास न दिसणारे एमएसचे डाग या चुंबकीय तंत्राने दिसतात, हे लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या गटाने १९८१ मध्येच दाखवून दिलं होतं.

आता खरी गोम, म्हणजे चकतीची, चित्रासाठी घेतलेल्या मेंदूच्या एकेका कापाची, जाडी. साधा ‘एमआरआय ब्रेन’ लिहून दिला की फ्लेअर बहुधा टूडी पद्धतीने निघतो: ५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या आणि दोन चकत्यांमध्ये एक-दीड मिलिमीटरची फट. लकवा, गाठ, रक्तस्राव शोधायला हे पुरेसं आहे. एमएसचा डाग मोजणीत धरायला मात्र त्याची लांबी किमान ३ मिलिमीटर लागते. म्हणजे मोजायची वस्तू चकतीपेक्षा बारीक. असा डाग चकतीच्या एका कडेला आला तर पाणी घातलेल्या दुधासारखा फिका होतो, फटीत पडला तर दिसतच नाही. पुढच्या वर्षी डोकं दोन मिलिमीटर वर सरकलं आणि तोच डाग चकतीच्या मधोमध आला, की रिपोर्टात एक नवा डाग जमा. डाग जुना आणि डोकंही तेच. सरकली ती फक्त चकती.

यावर उपाय थ्रीडी फ्लेअर. हा सॅजिटल, म्हणजे बाजूने, घेतात. प्रत्येक बाजूला १ मिलिमीटरचा ठोकळा, मध्ये फट नाही, साधारण १६० ते १८० चित्रं. मशीनप्रमाणे चार ते सहा मिनिटं लागतात. एकदा घेतला की कॉम्प्युटरवर तो उभा, आडवा, तिरका कसाही कापता येतो, त्यामुळे डोकं थोडं वाकडं ठेवलं गेलं असलं तरी तुलना बिघडत नाही. बाजूच्या चित्रात मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम हा पूल स्वच्छ दिसतो, आणि पाण्याच्या पोकळ्यांपासून वर बोटांसारखे उभे राहिलेले डागही. त्यांना डॉसनची बोटं म्हणतात. जेम्स डॉसन या स्कॉटिश पॅथॉलॉजिस्टने १९१६ मध्ये शिरांभोवतीच्या या बदलांचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञगटांनी २०२१ मध्ये एकत्र बसून एमएसच्या एमआरआयची जी पद्धत ठरवली, तिच्यातही थ्रीडी फ्लेअर हाच कणा आहे.

मग सगळे तो का घेत नाहीत? एक कारण वेळ. दुसरं कारण जास्त प्रामाणिक आहे: थ्रीडीत सगळ्या मेंदूची माहिती पूर्ण पाच मिनिटं एकत्र गोळा होत असते, त्यामुळे पेशंट मध्येच खोकला किंवा पायात गोळा आला म्हणून हलला तर सगळा संच धूसर होतो आणि पुन्हा घ्यावा लागतो. गर्दीच्या वेळी टेक्निशियन तो धोका टाळतो. म्हणून अपॉइंटमेंट शक्यतो सकाळची पहिली किंवा दुसरी घ्या. फोनवर ‘एमएस प्रोटोकॉल करता का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’ असंच येतं. ‘फ्लेअर थ्रीडी घेता की टूडी, आणि चकती किती मिलिमीटरची’ असं विचारा. समोरच्याने टेक्निशियनला फोन दिला तर सेंटर बरं आहे. रिसेप्शनवरूनच ‘सगळं त्यातच येतं’ असं आलं, तर दुसरीकडे चौकशी केलेली बरी.

थ्रीडी फ्लेअरच्या जोडीला ३ मिलिमीटरचा टी-टू ॲक्सियल, म्हणजे आडव्या चकत्यांचा, फटीविना, हवाच. छोटा मेंदू आणि ब्रेनस्टेम इथे फ्लेअर कच्चा पडतो, टी-टू तिथे डाग पकडतो. त्यावर डिफ्युजन हा आणखी एक क्रम, दोनेक मिनिटांचा. कॉन्ट्रास्ट, म्हणजे ताजे डाग चमकवणारं इंजेक्शन, नसेल तर एवढ्यावर काम भागतं आणि पेशंट २० ते २५ मिनिटांत बाहेर येतो. ॲक्सियल चकत्या लावताना कॉर्पस कॅलोसमच्या पुढच्या आणि मागच्या टोकांची खालची कड जोडणाऱ्या रेषेला समांतर लावायच्या असतात. हे टेक्निशियनचं काम, पण मागच्या वर्षीची सीडी त्याच्या हातात दिली तर तो तोच कोन लावू शकतो. ‘रिपोर्ट करताना डॉक्टर बघतील’ म्हणून सीडी काउंटरवर ठेवून घेतली, तर ती स्कॅन संपेपर्यंत मशीनपाशी पोचत नाही.

कोल्हापुरात, किंवा खरं तर सगळीकडेच, ब्रेनबरोबर ‘व्होल स्पाइन स्क्रीनिंग’ फुकट किंवा थोड्या पैशांत जोडून देतात. ते घ्या, तक्रार नाही. मात्र ते मणक्याच्या गादीसाठी आहे, मज्जारज्जूतल्या डागासाठी नाही. बोटाएवढ्या जाडीच्या मज्जारज्जूतला बारीक डाग एका झटपट टी-टूमध्ये सहज निसटतो, आणि रिपोर्टात मात्र ‘कॉर्ड नॉर्मल’ छापून येतं. पायातली ताकद कमी होणं, लघवीवरचा ताबा जाणं, मान वाकवली की पाठीतून करंट जाणं, असं काही नवीन असेल तर मानेच्या मणक्याचा वेगळा स्कॅन लागतो: सॅजिटल टी-टू आणि सोबत स्टर नावाचा क्रम, चकती ३ मिलिमीटर किंवा कमी, आणि संशय आला तिथे ॲक्सियल. नवीन तक्रार नसेल तर दर वर्षी मणक्याचा खर्च करण्याचं कारण नसतं.

कॉन्ट्रास्टवर जरा थांबू, कारण पैसे इथे सगळ्यात जास्त वाया जातात. गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिल्यावर जो डाग चमकतो, तिथे रक्त आणि मेंदू यांमधला पडदा त्या घडीला फुटलेला असतो, म्हणजे डाग ताजा. ही चमक सरासरी तीनेक आठवडे टिकते, क्वचित त्याहून बरीच जास्त. वर्षातून एकदा स्कॅन होत असेल तर कॉन्ट्रास्टने फक्त शेवटच्या काही आठवड्यांचा हिशोब लागतो. टी-टूवरचा पांढरा डाग मात्र बहुधा कायम राहतो, म्हणून जुना आणि नवा थ्रीडी फ्लेअर शेजारी लावले की अख्ख्या वर्षाचा हिशोब इंजेक्शनाशिवाय मिळतो. म्हणूनच २०२१ च्या त्या पद्धतीत, तुलना करण्याजोगा जुना स्कॅन असेल तर नेहमीच्या फॉलो-अपला कॉन्ट्रास्टची सक्ती नाही. आपल्याकडे चिठ्ठीवर ‘प्लेन प्लस कॉन्ट्रास्ट’ हे सवयीने लिहिलं जातं. न्यूरॉलॉजिस्टला सरळ विचारा: ‘डॉक्टर, या वेळी इंजेक्शन कशासाठी?’ निदानाचा पहिला स्कॅन, हाताशी जुना स्कॅन नसणं, ताजा झटका आलेला असताना दुसऱ्या आजाराची शंका, ही कारणं पटण्यासारखी आहेत. ‘पूर्ण करून घ्या’ हे कारण नव्हे.

द्यायचंच असेल तर चार गोष्टी बघा. औषध मॅक्रोसायक्लिक गटातलं हवं: गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल किंवा गॅडोटेरिडॉल. जुन्या लिनिअर गटातलं गॅडोलिनियम मेंदूच्या काही भागांत जास्त साठतं असं २०१४ पासून पुढे आलं. त्याने इजा होते असं सिद्ध झालेलं नाही, तरी युरोपात २०१७ मध्ये त्यातल्या बहुतेकांचा असा वापर थांबवला गेला. आयुष्यभर स्कॅन करायचे असलेल्या पेशंटने बाटलीवरचं नाव वाचलेलं बरं. मात्रा किलोला ०.१ मिलिमोल. ६० किलोच्या माणसाला गॅडोटेरेट १२ मिली लागतं, तर गॅडोब्युट्रॉल दुप्पट घट्ट असल्याने ६ मिली. ‘मला निम्मंच दिलं’ ही तक्रार त्यामुळे बऱ्याचदा खोटी असते. आधी औषध कुठलं ते विचारा. तिसरी गोष्ट वेळ. इंजेक्शननंतर किमान ५ आणि शक्यतो १० मिनिटांनी टी-वन, म्हणजे ही चमक दाखवणारा क्रम, घ्यायला हवा. घाईत दुसऱ्या मिनिटाला घेतला तर कमी फुटलेला पडदा चमकायला वेळच मिळत नाही आणि ताजा डाग जुना ठरतो. इंजेक्शन आधी देऊन त्या दहा मिनिटांत टी-टू उरकून घेणारा टेक्निशियन खरा जाणकार. चौथी गोष्ट स्टेरॉईड. मिथाइलप्रेडनिसोलोनच्या सलाईननंतर चमक झपाट्याने विझते. म्हणून कॉन्ट्रास्ट स्कॅन करायचाच असेल तर सलाईनच्या आधी करा. पण स्कॅनचा नंबर लागत नाही म्हणून सलाईन लांबवू नका.

किडनीसाठी क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत ठेवा. गरोदरपणात कॉन्ट्रास्ट टाळतात. अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र दूध तोडायची गरज नसते, हे काउंटरवर अजून उलटं सांगितलं जातं.

स्कॅन कधी करायचा याचंही एक गणित आहे. नवं औषध सुरू केलं त्याच दिवशीचा स्कॅन तुलनेला धरला तर फसगत होते, कारण औषध लागू पडायच्या आधीच्या आठवड्यांत उमटलेले डागही औषधाच्या माथी बसतात. म्हणून तीन ते सहा महिन्यांनी नवा पायाभूत स्कॅन घेतात आणि पुढे वर्षाला एक. नॅटालिझुमॅब हे एमएसचं औषध घेणाऱ्यांची गोष्ट निराळी. रक्तात जेसी विषाणूच्या अँटिबॉडी असतील आणि औषधाला दीड वर्ष होऊन गेलं असेल, तर पीएमएल या, त्याच विषाणूमुळे होणाऱ्या, मेंदूच्या घातक संसर्गासाठी दर तीन-चार महिन्यांनी फ्लेअर, टी-टू आणि डिफ्युजन एवढाच छोटा स्कॅन लागतो. चिठ्ठीवर कारण लिहिलेलं नसेल तर सेंटर पूर्ण ब्रेनचा दर लावतं. दर विचारताना साधा ब्रेन, कॉन्ट्रास्टसह ब्रेन आणि मानेचा मणका असे तीन आकडे वेगवेगळे विचारा. एकत्रित ‘पॅकेज’मध्ये नको ते गळ्यात पडतं.

रिपोर्टला दोन गुण दिले, ते का? नमुन्याचा रिपोर्ट असा असतो: ‘पेरिव्हेंट्रिक्युलर आणि सबकॉर्टिकल भागात मल्टिपल टी-टू हायपरइंटेन्स फोसाय, डिमायलिनेशनशी सुसंगत, क्लिनिकल को-रिलेशन सुचवतो.’ यात चूक काही नाही आणि उपयोगही नाही. ‘मल्टिपल’ म्हणजे नऊ की एकोणीस? तुलना कुठल्या तारखेच्या स्कॅनशी? फॉलो-अपच्या रिपोर्टात पाच गोष्टी हव्यात: जुन्या स्कॅनची तारीख, मशीन आणि पद्धत तीच की वेगळी, नवे डाग किती आणि कुठे, वाढलेले किती, कॉन्ट्रास्ट दिला असेल तर चमकणारे किती. एकही नवा डाग नसेल तर तसं स्पष्ट वाक्य हवं. ‘नो सिग्निफिकंट चेंज’ हे जुना रिपोर्ट वाचून लिहिलं की जुनी चित्रं उघडून, हा फरक फार मोठा आहे. ‘प्रीव्हियस फिल्म्स नॉट अव्हेलेबल’ असं छापून आलं आणि तुम्ही सीडी दिली होती, तर तिथेच उभं राहून पुरवणी रिपोर्ट मागा. बहुतेक रेडिओलॉजिस्ट देतात. सीडी त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नसते.

‘माइल्ड सेरेब्रल ॲट्रोफी’ हे वाक्य वाचून घरं हादरतात. एमएसमध्ये मेंदूचं आकारमान वर्षाला साधारण अर्धा टक्का किंवा अधिक घटू शकतं, निरोगी माणसात त्याहून बरंच कमी. हा फरक डोळ्यांनी मोजता येत नाही, त्याला सॉफ्टवेअर लागतं. शिवाय पाणी कमी प्यायलं तरी आकडा हलतो, आणि प्रभावी औषध सुरू केल्यावर सूज उतरल्यानेही सुरुवातीला मेंदू आक्रसल्यासारखा दिसतो. नजरेने लिहिलेल्या ॲट्रोफीवर झोप उडवू नका.

डागांची संख्या आणि माणसाची तब्येत यांचं प्रमाणही सरळ नसतं. कपाळामागचे दहा डाग गप्प बसतात, ब्रेनस्टेममधला एक डाग चालणं अडवतो. स्कॅनमध्ये दिसणारे नवे डाग अंगावर जाणवणाऱ्या झटक्यांच्या कितीतरी पट असतात. म्हणून तर बरं वाटत असतानाही स्कॅन करायचा.

पहिल्या निदानाच्या रिपोर्टाबद्दल एवढंच: मायग्रेन, बीपी आणि वय यांमुळेही पांढरे ठिपके येतात. आपल्या भागात क्षयाच्या गाठी, न्यूरोसिस्टीसर्कोसिस (मेंदूतला फीतकृमीचा संसर्ग), बी-बारा जीवनसत्त्वाची कमतरता, आणि एमएससारखेच दिसणारे एनएमओ व मॉग हे आजार समोर ठेवावेच लागतात. एमएसच्या निदानासाठीच्या २०१७ च्या मॅकडोनाल्ड निकषांत डाग ठरावीक चार जागांपैकी किमान दोन ठिकाणी हवेत. २०२४ च्या सुधारणेत डोळ्याची नस ही पाचवी जागा झाली आणि डागाच्या मधोमध दिसणाऱ्या शिरेलाही वजन मिळालं. ती शीर दिसायला एसडब्ल्यूआयसारखा वेगळा क्रम लागतो. पहिल्या स्कॅनला तो घ्यावा, दर वर्षी नको.

सेंटरवरच्या सोयींना मध्यम गुण. एमएसच्या पेशंटला उकाड्यात तात्पुरतं धूसर दिसतं, पाय जड होतात. याला उथॉफची लक्षणं म्हणतात. एप्रिल-मेमध्ये गडहिंग्लज किंवा गारगोटीहून एसटीने दुपारी आलेला पेशंट पंख्याखाली तासभर बसला की चालत आत जाऊ शकेलच असं नाही. साधी व्हीलचेअर चुंबकाच्या खोलीत नेता येत नाही, चुंबकाला न ओढली जाणारी वेगळी लागते. ती आहे का हे फोनवरच विचारा. आत जायच्या आधी लघवीला जाऊन या. गुडघ्यांखाली उशी मागा, पायातले गोळे त्याने बरेच कमी होतात. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी बॅक्लोफेनची गोळी चालू असेल तर ती नेहमीच्या वेळी घ्या. पोटात बॅक्लोफेनचा पंप बसवलेला असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच त्याचं कार्ड दाखवा. साध्या स्कॅनला उपाशी राहायचं कारण नाही. बंद जागेची भीती वाटते म्हणून झोपेचं औषध द्यायचं असेल तरच उपास आणि सोबतीला माणूस.

साज, ठुशी, मंगळसूत्र, नथ घरीच ठेवून या. साडीच्या पिना, केसांचे आकडे, ताईत, धातूची कडी असलेला करदोटा हे ऐन वेळी निघतात आणि दहा मिनिटं जातात. जोडवी चांदीची असल्याने चुंबकाला चिकटत नाहीत, पण धातू तापू शकतो म्हणून काढायला लावतात. वर्षानुवर्षं बोटात रुतलेली असतील तर आदल्या रात्री साबण लावून घरीच काढा. काजळात लोहाचा अंश असू शकतो आणि नेमक्या डोळ्यांच्या भागातलं चित्र त्याने बिघडतं, तेव्हा तेही नको.

राहिली सीडी. फिल्मच्या मोठ्या पाकिटावर पैसे घालवू नका. १७० चित्रांतली वीस-तीस चौकोनांत छापलेली फिल्म तुलनेला निरुपयोगी असते, आणि मोबाइलवर आलेला तिचा फोटो तर त्याहून. सीडीत डायकॉम, म्हणजे मशीनमधून निघालेल्या मूळ, फाइली हव्यात. काही वेळा फक्त निवडक चित्रं किंवा जेपीजी भरून देतात. काउंटर सोडण्याआधी तिथल्याच कॉम्प्युटरवर उघडून दाखवायला सांगा: फ्लेअरच्या संचात दीडशेच्या वर चित्रं दिसली तर सीडी पूर्ण आहे, वीस-बावीस दिसली तर एक तर स्कॅन टूडी झाला किंवा सीडी अर्धी आहे. सेंटरच्या सर्व्हरवर जुने स्कॅन कायम राहत नाहीत, आणि सीडीवर दोन पावसाळ्यांत बुरशी चढते. घरी आल्यावर अख्खं फोल्डर, डायकॉमडीआयआर या फाइलीसकट, पेनड्राइव्हवर आणि आणखी एका जागी उतरवा. फोल्डरच्या नावात तारीख, सेंटर, मशीन किती टेस्लाचं आणि कॉन्ट्रास्ट होता की नव्हता एवढं लिहा. पुढच्या वर्षी त्याच सेंटरला जाताना रिपोर्टाच्या झेरॉक्सबरोबर हा पेनड्राइव्ह न्या. व्हायरसच्या भीतीने काही ठिकाणी पेनड्राइव्ह लावू देत नाहीत, म्हणून त्याची एक कोरी सीडीही आधीच भरून ठेवा.